‘चालेल’ आणि ‘चालतो’ : वाहन-तपासणीच्या यादीची भाषा

१. वाहनदुरुस्तीच्या गॅरेजमध्ये कागदी यादीऐवजी मोबाइलवर भरावयाची तपासणी-यादी आता येऊ लागली आहे. तिचा विचार बहुधा यंत्राच्या अंगाने होतो. परंतु यादी ही मुळात एक भाषिक रचना आहे. ती प्रश्न विचारते, उत्तरांना मर्यादा घालते आणि उत्तर देणाऱ्यास बांधून घेते. प्रस्तुत टिपणात या अंगाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक नागपूरहून पुण्याकडे जाणारी खाजगी बस दुभाजकावर आदळून उलटली व पेटली. २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे प्रथम सांगण्यात आले. परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र तसा पुरावा आढळला नाही. वाहनाच्या स्थितीविषयीचे तोंडी विधान आणि तिची तपासलेली नोंद यांत किती अंतर असू शकते, हे यावरून ध्यानात येते.

२. गॅरेजमधील एक नित्याचे वाक्य घेऊ : ‘टायर अजून चालेल.’ ‘चालतो’ हे निरीक्षण आहे; ‘चालेल’ हे भाकीत आहे. शिवाय ‘चहा चालेल का?’ यात जी संमतीची छटा आहे, तीही या रूपात मिसळलेली असते. मिस्त्री ते तडजोड म्हणून उच्चारतो, मालक ते हमी म्हणून ऐकतो. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, आणि तरीही वाहन धोक्याच्या स्थितीत रस्त्यावर जाऊ शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार मोटारी, बस व ट्रक यांच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. यादीने येथे आकडाच मागितला, तर ‘चालेल’ला जागा उरत नाही.

३. दुसरी अडचण प्रश्नाच्या रूपाची आहे. ‘ऑइलची गळती नाही ना?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले, तर गळती आहे की नाही? मराठीत नकारार्थी विधानाला दुजोरा देण्यासाठीही ‘हो’ वापरला जातो. म्हणून हे उत्तर संदिग्ध ठरते. नुसते होकारार्थी प्रश्न विचारूनही भागत नाही. ‘पातळी बरोबर आहे का?’ यात ‘होय’ शुभ, तर ‘गळती आहे का?’ यात ‘होय’ अशुभ. घाईत एकामागून एक ‘होय’ दाबणाऱ्या हाताला हा भेद जाणवत नाही. म्हणून निवाडा न विचारता दिसणारी स्थिती विचारावी : ‘इंजिनाखाली – कोरडे, ओलसर, थेंब पडतो’, ‘ब्रेक ऑइल – किमान रेषेच्या वर, रेषेवर, खाली’. शब्दही मिस्त्रीच्या तोंडचेच असावेत. ‘ब्रेक’च्या जागी ‘गतिरोधक’ घातल्याने यादी अधिक मराठी होत नाही; उलट रस्त्यावरचा उंचवटा डोळ्यांपुढे येतो.

४. कागदावरील रिकामा चौकोन दोन अर्थ सांगतो : ‘दोष नाही’ आणि ‘पाहिलेच नाही’. मोबाइलवरील यादीचा खरा लाभ येथे आहे. ‘पाहिले नाही’ हा तिसरा पर्याय स्वतंत्रपणे देता येतो, आणि उत्तर दिल्याखेरीज पुढचा प्रश्न उघडू न देण्याची सोय करता येते. उत्तरासोबत वेळ व छायाचित्र जोडले जाते. वाहनाच्या क्रमांकावरून मागील नोंद शोधता येते. त्यामुळे आजच्या खोलीची तुलना मागील तपासणीशी होते आणि झीज किती वेगाने होते आहे ते कळते.

५. विसराळूपणावर यादी हा उपाय जुना आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीचे मॉडेल २९९ हे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. यंत्र बिघडले नव्हते. विमान उभे असताना त्याचे नियंत्रक पंख जखडून ठेवणारी खीळ काढावयाची राहिली होती. त्यानंतर वैमानिकांसाठी याद्या तयार झाल्या. निष्णात माणसालाही यादी लागते, हा त्यातील बोध होय.

तथापि यादी स्वतः काहीच पाहत नाही. गाडीखाली न वाकताही सर्वत्र ‘ठीक’ दाबता येते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ सालच्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत बोलणे हीदेखील एक कृती असते, हे दाखविले. ‘ठीक’ असे नोंदविणे हे वर्णन तर आहेच, पण ते उत्तरदायित्व पत्करणेही आहे. यादीत नोंद करणाऱ्याचे नाव येते ते यासाठीच. मात्र ज्या प्रश्नाचा अर्थच संदिग्ध आहे, त्याच्या उत्तराला मिस्त्रीस बांधून घेणे न्याय्य नव्हे. म्हणून यादी करणाराने आधी आपली वाक्ये तपासावीत. वाहनाची पाळी त्यानंतरची.