दावा, नकार आणि दाद

सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणानंतर अस्तित्वात आलेल्या चार सरकारी कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ या नावाची पॉलिसी आणली, त्या काळी मोठे आजारपण आले की प्रथम घरातील शिल्लक, ती संपल्यावर नातलगांकडून उसनवार आणि तीही न पुरल्यास सोनाराची पायरी, असा क्रम मध्यमवर्गीय कुटुंबात जवळजवळ ठरलेला होता. आज तो क्रम पालटला आहे. खासगी रुग्णालयात शिरताच दुखणे विचारण्याच्या आधी ‘मेडिक्लेम आहे का?’ असे विचारले जाते, आणि त्याला होकार देता येणे हे संसार मार्गी लागल्याचे एक लक्षण मानले जाते. परंतु ज्या दस्तऐवजाच्या बळावर हा होकार दिला जातो तो कितीजणांनी वाचलेला असतो? हिशेबाला चोख, वाण्याच्या यादीतील दोन रुपयांची तफावत हुडकून काढणारे गृहस्थही पॉलिसीचे पाकीट आले तसे कपाटात ठेवून देतात, आणि ते प्रथम उघडले जाते ते घरातले कोणी अतिदक्षता विभागात असताना, म्हणजे वाचनाला सर्वांत अयोग्य अशा घटकेला.

दाव्याचे भवितव्य रुग्णालयात ठरते अशी सार्वत्रिक समजूत आहे. माझे मत निराळे आहे. ते बहुतांशी त्याच्या कितीतरी आधी, प्रस्तावपत्रावर सही करताना ठरून गेलेले असते. उरलेले खोली निवडताना ठरते. आणि यांतूनही जो नकार येतो, तो लेखी व सकारण मागून घेतला तरच पुढे दाद मागण्यास काही आधार उरतो.

प्रस्तावपत्र एजंट भरतो आणि गिऱ्हाईक खुणेच्या जागी सही करते, ही आपल्याकडची चालू रीत. रक्तदाबाची गोळी रोज घेणारा मनुष्यही ‘आपणांस कोणता आजार आहे काय’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहू देतो; कधी हप्ता वाढेल या भीतीने, कधी ‘ते काय आजारात मोजायचं’ या बेफिकिरीने, आणि कधी तर तो रकाना त्याला दाखवलेलाच नसतो म्हणून. विम्याच्या कायद्यात हा करार परम सद्भावाचा मानला जातो; जोखमीवर परिणाम करील अशी जी वस्तुस्थिती विमेदारास ठाऊक आहे, ती त्याने आपण होऊन उघड केली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निकालात काढलेल्या एका प्रकरणात मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार असलेल्या गृहस्थांनी आपली प्रकृती उत्तम असल्याचे लिहून १९९० साली पॉलिसी घेतली होती आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विधवा पत्नीचा दावा कंपनीने नाकारला तो न्यायालयानेही योग्यच ठरवला. निकाल कठोर वाटतो, पण कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही.

याच्या शेजारी २०२१ च्या डिसेंबरातील दुसरा निकाल ठेवून पाहावा. अमेरिकेत लग्नाला निघालेल्या एका गृहस्थांनी प्रवासी आरोग्यविमा घेताना आपल्याला मधुमेह असल्याचे स्पष्ट लिहिले होते, आणि वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पुढे कंपनीने, हा आजार पूर्वीपासूनचा आहे आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असल्याचे आपण सांगितले नाही, असे म्हणून हात वर केले. सर्वोच्च न्यायालयाने ही सबब मान्य केली नाही. ज्या प्रकृतीची माहिती देण्यात आली होती आणि जी ध्यानात घेऊनच कंपनीने हप्ता घेतला व पॉलिसी दिली, तीच प्रकृती दावा नाकारण्याचे निमित्त म्हणून पुढे करता येणार नाही. शिवाय पॉलिसीतील शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो शब्द लिहिणाऱ्याच्या विरुद्ध आणि विमेदाराच्या बाजूने लावला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. एका प्रकरणात लपवलेल्या मधुमेहाने कुटुंबाला बुडवले आणि दुसऱ्यात लिहून दिलेल्या मधुमेहानेच दावा तारला. एजंटाच्या हातून फॉर्म काढून घेऊन तो स्वतः, सावकाश, चष्मा लावून भरावा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवावी, असे मी ज्याला त्याला बजावतो ते यासाठी.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली जे नियम नव्याने घालून दिले, त्यांत विमेदाराच्या पदरात बरेच काही पडले आहे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती न पटल्यास परत करता येते आणि किरकोळ वजावटीखेरीज हप्ता परत मिळतो. पूर्वीपासूनच्या आजारासाठी लावण्यात येणारा प्रतीक्षाकाळ पूर्वी ४ वर्षांपर्यंत असे, तो आता ३६ महिन्यांहून अधिक असू शकत नाही. आणि कंपनी बदलली तरी पहिल्या कंपनीकडे काढलेला काळ त्यात जमेस धरला जातो. पॉलिसीचा सारांश देणारे एक माहितीपत्रक कंपनीने दिलेच पाहिजे, आणि विमेदाराने मागितल्यास ते त्याच्या भाषेत दिले पाहिजे. म्हणजे मराठीत मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, मागणारे मात्र अजून मला फारसे भेटलेले नाहीत. परंतु या साऱ्यांत सर्वांत मोलाची तरतूद मी ६० महिन्यांची मानतो. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की त्यानंतर माहिती दडवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. शाबीत झालेली लबाडी हा तेवढा अपवाद. पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती. विम्याची रक्कम मधेच वाढवली असेल तर वाढीव रकमेपुरती मुदत मात्र वाढीच्या दिवसापासून मोजली जाते. नूतनीकरणाची तारीख चुकवून पॉलिसीत खंड पाडणे किती महागात पडते, ते यावरून समजावे.

नूतनीकरण म्हणजे केवळ पैसे भरणे नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. केरळातील एका वृद्ध दांपत्याने वर्षानुवर्षे चालवलेल्या पॉलिसीत कंपनीने एका नूतनीकरणाच्या वेळी, अँजिओप्लास्टीसाठी विमारकमेच्या ७० टक्क्यांहून अधिक मिळणार नाही, असे कलम घातले आणि त्याची खबर त्यांना दिली नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर हे कलम पुढे आले. बदललेली अट विमेदारास आधी कळवणे हे कंपनीचे कर्तव्य आहे आणि ते न करणे ही सेवेतील कसूर होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला. निकाल आपल्या बाजूचा असला तरी त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागू नये इतपत खबरदारी आपणही घ्यावी, आणि दर वर्षी नवी पॉलिसी जुनीशी ताडून पाहावी.

आता खोलीविषयी. या प्रकरणात जितके लोक ठकतात तितके इतरत्र क्वचितच. समजा, ५ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली. वरचे ३,००० आपण भरू, असा त्याचा सरळ हिशेब. परंतु पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे कलम असले तर शस्त्रक्रिया, भूल, डॉक्टरांच्या भेटी इत्यादींचे बिलही त्याच ५ : ८ या प्रमाणात कापले जाते, आणि १,६०,००० रुपयांच्या बिलापोटी १ लाखच हाती येतात. खोलीत एक सोफा अधिक मिळाला, त्याची किंमत ६०,००० रुपये! मात्र या कपातीलाही मर्यादा आहे, आणि ती ठाऊक नसल्याने लोक कापलेली रक्कम निमूट सोडून देतात. औषधे, वापरून टाकायचे साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांच्या खर्चावर अशी कपात करता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या आकारावर करता येत नाही. आणि ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत तेथेही करता येत नाही. हिशेबाचा कागद हाती आला की सहीच्या आधी ही तीन कलमे तपासावीत.

कॅशलेससाठी, म्हणजे बिल कंपनीने परस्पर रुग्णालयाला चुकते करावे यासाठी, रुग्णालयाची विनंती पोचल्यापासून एका तासात कंपनीने निर्णय कळवला पाहिजे, आणि घरी सोडण्याच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत दिली पाहिजे; त्याहून उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने आपल्या भागधारकांच्या निधीतून सोसावा, असा नियम आहे. उपचार चालू असता रुग्ण दगावल्यास कंपनीने मंजुरीचे काम तात्काळ उरकून पार्थिव विनाविलंब नातलगांच्या ताब्यात मिळेल अशी व्यवस्था केली पाहिजे. प्रत्यक्षात संध्याकाळपर्यंत सामान बांधून पलंगावर बसलेले रुग्ण कोणत्याही शहरात दिसतात, हे खरे. तरीही विनंती किती वाजता गेली ते, कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी जी टीपीए नावाची मध्यस्थ संस्था असते, तिच्या रुग्णालयातील खिडकीवर विचारून टिपून ठेवावे. मिनिटांचा हिशेब मागणाऱ्या माणसाचे काम जरा लवकर होते, असा अनुभव आहे.

विमा असो वा नसो, रुग्ण म्हणून जे हक्क आहेत त्यांची गोष्ट स्वतंत्र आहे. जखमीला प्रथम वाचवावे, पोलीस व कागदपत्रे यांचा विचार मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची १७ कलमी सनद तयार केली. आपल्या राज्यात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालील नियम २०२१ साली सुधारून रुग्णालयांनी हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावावे असे ठरले. आपल्या उपचारांचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळाले पाहिजेत, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतील २००२ सालापासूनचा नियम आहे. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण नाकारलेल्या दाव्यावर भांडायचे तर पहिले हत्यार हेच कागद. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळाला पाहिजे, असे २०१७ चा कायदा सांगतो. तो आजार लपवण्याची आपली सवय मोडेपर्यंत त्या कलमाचा लाभ घेणारे थोडेच राहतील.

ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण असून, पूर्वी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली ही योजना आता सर्वांना खुली झाली आहे. अंगीकृत रुग्णालयातील ‘आरोग्यमित्र’ नावाच्या माणसाला शोधावे, पुढची वाट तो दाखवतो. धर्मादाय रुग्णालयांची बाब याहूनही कमी लोकांना ठाऊक असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक व त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांअन्वये अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यावयाच्या आहेत, त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निराळी काढावयाची आहे, आणि निकडीच्या वेळी अनामत न मागता दाखल करून घ्यावयाचे आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका पुरते. जमीन व करांच्या सवलती घेऊन उभ्या राहिलेल्या संगमरवरी इमारतींत या खाटांची चौकशी केली असता जे अज्ञान प्रकट केले जाते, ते मला प्रामाणिक वाटत नाही.

आणि तरीही नकार आलाच तर? कंपनीच्या तीन सदस्यांच्या पुनर्विलोकन समितीने मान्यता दिल्याखेरीज कोणताही दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळला किंवा अंशतः कापला तर पॉलिसीच्या कोणत्या कलमान्वये, हे लिहून कळवावे लागते. ‘तुमच्यात बसत नाही’ असे फोनवर सांगणे म्हणजे नकार नव्हे. ते ऐकून घरी बसणारे विमेदार मात्र कंपनीचे काम फारच सोपे करतात. पत्र मागावे, त्यातील कलम पॉलिसीत काढून वाचावे, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आले ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. ही संस्था १९९८ पासून आहे. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व पुणे येथे तिची कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतची तक्रार तेथे चालते, वकिलाला तेथे प्रवेश नाही, आपली कैफियत आपणच मांडायची असते, आणि आवश्यक कागद दाखल झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. तो कंपनीवर बंधनकारक आहे, विमेदारावर नाही. ३० दिवसांत अंमल न केल्यास कंपनीने विमेदारास दर दिवसामागे ५,००० रुपये द्यावेत असेही नियमात आहे. निवाडा न पटल्यास ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते, आणि भरलेला हप्ता ५ लाखांच्या आत असेल, जो बहुतेकांचा असतोच, तर जिल्हा आयोगात शुल्कही पडत नाही.

वाचकांपैकी ज्यांचा दावा अलीकडे नाकारला गेला असेल, त्यांनी ते नकारपत्र शोधून त्यावरची तारीख पाहावी. लोकपालाकडे जाण्याची मुदत नकारापासून एक वर्षाची आहे. अर्ज टपालाने करता येतो, ऑनलाइन करता येतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.