निमूट चालणारं कार्ड

संपादकांना हवा होता तक्ता: ग्राफिक्स कार्डासाठी आजवर कोणकोणते मुख्य स्लॉट आले आणि कुठला किती वेगवान. तो चार ओळींत उरकतो. १९८४ ची सोळा बिटांची आयएसए, कागदोपत्री सेकंदाला १६ मेगाबाइट. १९९२ ची पीसीआय, १३३. १९९७ ची एजीपी, २६६ पासून वाढत दोन हजारांवर. आणि २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस: पहिल्याच पिढीत सोळा लेन मिळून एका दिशेला चार हजार, पाचव्या पिढीत साठ हजारांच्या पुढे. एवढ्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानाचा माळा चढायची गरज नव्हती.

पण वेगाइतकाच दुसरा एक फरक आहे, आणि तो दुरुस्ती करणाऱ्यालाच नीट ठाऊक असतो. कार्ड आणि बोर्ड जुळलं नाही, तर स्लॉट नकार कसा देतो?

एजीपी सरळ अंगावर येत असे. ३.३ व्होल्टच्या कार्डाची खाच मागच्या पत्र्याजवळ, १.५ व्होल्टच्या कार्डाची त्यापासून लांब. स्लॉटात त्या त्या जागी प्लास्टिकची आडपट्टी. व्होल्टेज जुळत नसेल तर कार्ड आत जातच नाही. सॉफ्टवेअर नाही, तपासणी नाही, नुसतं प्लास्टिक. मला हा प्रकार फार आवडतो. अर्थात खाचही खोटं बोलते. दोन्ही खाचा पाडलेली, पण मुळात ३.३ व्होल्टच लागणारी काही कार्डं बाजारात आली. इंटेल ८४५ सारख्या १.५ व्होल्टवाल्या बोर्डांत ती सुखरूप बसली आणि चिपसेट जळाले. मग काही बोर्डांवर चुकीच्या कार्डाची सूचना देणारा तांबडा दिवा आला.

पीसीआय एक्स्प्रेस सहसा नकार देतच नाही. जुन्या पीसीआयमध्ये बत्तीस तारांवरचे बिट एकाच ठोक्याला पोचावे लागत, आणि तोच रस्ता डिस्क, नेटवर्क सगळ्यांचा. इथे प्रत्येक लेन, म्हणजे तारांची वेगळी वाट, स्वतंत्र धावते, पुढेमागे पोचलेलं पलीकडचा जुळवून घेतो. वीज आली की कार्ड आणि बोर्ड आधी सर्वांत धिम्या वेगात बोलतात, किती लेन चालतात ते पाहतात, मग वेग चढवतात. सोळा मिळाल्या नाहीत तर आठ, आठ नाहीत तर चार. पंगतीत जागा नसली तर अंग चोरून बसणाऱ्या पाहुण्यासारखं हे कार्ड, आणि यजमानाला पत्ताच नाही.

माळ्यावरच्या कारागिराला सगळे दादा म्हणतात. त्यांच्यासमोर असंच एक कार्ड होतं. तक्रार एवढीच की गेम मधेच अडकतो. त्यांनी आधी कार्डावर लोड टाकला. ‘‘मॅडम, नुसतं बसलेलं कार्ड वीज वाचवायला वेग पाडतं. लोक तेवढ्यावरच घाबरून येतात.’’ लोडवर वेग चढला. लेन मात्र आठच.

मग कार्ड मायक्रोस्कोपखाली. सोनेरी बोटांच्या जरा वर कपॅसिटरांची रांग असते, प्रत्येक लेनला दोन, म्हणजे बत्तीस. एकेक जेमतेम मिलिमीटरभर. दादा सुईचं टोक रांगेवरून सरकवत थांबले. एका जागी नुसते दोन चकचकीत ठिपके. कार्ड बसवताना कॅबिनेटच्या पत्र्याला घासून कपॅसिटर उडाला होता. लेन एकच गेली, पण पंधरा लेनची जोडणी होत नाही; तुटलेली लेन वरच्या आठांत असली की थेट आठावर यावं लागतं. मेलेल्या दुसऱ्या कार्डाचा कपॅसिटर काढून त्यांनी तिथे टेकवला, टाका वितळला, आणि पडद्यावर १६.

एवढं सोपं काम आता कमी येतं. कार्ड स्लॉटपासून दूर बसवायची रायझर केबल तिसऱ्या पिढीची आणि कार्ड चौथ्या पिढीचं असलं की पडदा काळा. तिथे बायॉसमध्ये वेग तिसऱ्या पिढीवर बांधून काम भागतं. काही कार्डं कारखान्यातूनच अरुंद येतात. २०२२ चं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेनचं आहे. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर वाट निम्मी होते आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम धापा टाकतो. यात डाग देण्यासारखं काहीच नसतं.

खरी धास्ती वजनाची. आरटीएक्स ४०९० सारखं कार्ड दोन किलोंच्या आसपास भरतं, आणि लोंबतं ते मागचे स्क्रू आणि स्लॉटच्या टोकाची प्लास्टिकची आकडी यांच्या भरवशावर. कॉम्प्युटर कुरिअरने गेला की आकडीजवळच्या कोपऱ्यात कार्डाच्या बोर्डाला तडा जातो. वरच्या थरातल्या रेषा खरवडून केसाएवढ्या तारेने जोडता येतात. आतल्या थरांपर्यंत हात पोचत नाही. शिवाय एवढ्या वेगात जोडीतल्या दोन तारांची लांबी जराशी चुकली तरी लेन रुसते. म्हणून हल्ली दादा कार्ड हातात आलं की आधी टॉर्च मारून तो कोपरा बघतात. तडा दिसला की घेत नाहीत. ‘‘जोडून दिलं आणि आठवर चाललं, तर गिऱ्हाईक म्हणणार, तुमच्याकडे आणलं तेव्हा सोळा होत्या. त्याने कधी बघितलेलं नसतं, पण भांडायला येतो.’’