शर्यतीच्या दिवशी ट्रॅकवर

पहाटे साडेतीन. मानपाड्याच्या सिग्नलपाशी या वेळी रस्ता मोकळा असेल असं ज्यांना वाटतं, ते पहाटेचे कधी घराबाहेर पडलेले नसतात. दिवसा अडवून धरलेले कंटेनर रात्री सुटतात आणि उजाडेपर्यंत घोडबंदर रोडवरून गुजरातच्या दिशेने एकामागोमाग सरकत असतात. मेट्रो-४ च्या खांबांच्या कडेकडेने मोटारसायकल काढत मी कापूरबावडी गाठतो. पूर्व द्रुतगती महामार्ग लागला की मग शीव, दादर, परळ, महालक्ष्मी. लोकलने का जात नाहीस, असं सोसायटीत सगळे विचारतात. ठाण्याला गाडी पकडा, दादरला उतरून पश्चिम रेल्वेवर जा, महालक्ष्मीला उतरा, एवढं होईतो घोडे तबेल्यातून बाहेर पडलेले असतात. घोड्यांच्या आधी ट्रॅकवर पोचणं ही माझ्या नोकरीतली पहिली अट आहे.

नोकरी म्हणजे महालक्ष्मी रेसकोर्सचा ट्रॅक आणि आवारातल्या सोयी सांभाळणं. आज जानेवारीतला रविवार, म्हणजे शर्यतींचा दिवस, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारची इंडियन डर्बी जवळ आलेली. १९४३ पासूनची ही शर्यत, अंतर २४०० मीटर. त्या दिवशी काय होईल याची चिंता घोड्यांच्या मालकांना असते. मला त्या दिवशी गवत कसं असेल याची असते.

पावणेपाच. बॅटरी घेऊन रेलच्या, म्हणजे ट्रॅकच्या कठड्याच्या, कडेने चालायला लागतो. आधी दव बघायचं. जानेवारीत दव असं पडतं की बूट भिजून जातात, आणि नवखा माणूस त्याने फसतो. वरून गवत ओलं, खाली दोन बोटांवर माती कोरडी. ट्रॅकवरच्या मुकादमाला हे सांगावं लागत नाही. तो वाकतो, बोट खुपसतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, आतल्या बाजूला पाणी कमी पोचलंय.’’ यंत्राने मोजायच्या आधीच त्याचा आकडा तयार असतो, आणि तो फारसा चुकत नाही.

तरी यंत्राने मोजतोच, कारण बोटाचा आकडा फलकावर लावता येत नाही. यंत्राचं नाव पेनिट्रोमीटर. उभी सळई असते, तिचं टोक एक चौरस सेंटिमीटरचं. एक किलोचं वजन एक मीटर उंचीवरून त्या सळईवर सोडायचं, तीनदा. तीन ठोक्यांत सळई जमिनीत किती सेंटिमीटर गेली तो झाला आकडा. आकडा मोठा तर जमीन मऊ, लहान तर टणक. हे ट्रॅकभर ठिकठिकाणी करायचं, प्रत्येक ठिकाणी रेलजवळ, मध्यात आणि बाहेरच्या अंगाला, आणि मग सरासरी काढायची. लोक सरासरी वाचतात. माझा डोळा तीन जागांमधल्या फरकावर असतो. सरासरी उत्तम आणि रेलजवळची जमीन बाहेरच्यापेक्षा सैल, असा ट्रॅक कागदावर चांगला आणि घोड्याखाली वाईट.

घोडा साधारण साडेचारशे-पाचशे किलोचा, आणि धावतो ताशी साठ किलोमीटरच्या आसपास. भरधाव पळताना अशी एक वेळ येते की सगळा भार एकाच पायावर असतो, आणि तो भार जनावराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक होतो. त्या पायाखालची माती भाकरीच्या पिठासारखी हवी. कोरडी पडली तर चिरते, सैल झाली तर हाताला चिकटते. यापेक्षा नेमकं मला कुणाला समजावता आलेलं नाही.

साडेपाच. घोडे येतात. शर्यतीच्या दिवशी गवताच्या ट्रॅकवर सराव नसतो, सगळं काम वाळूच्या ट्रॅकवर. साईस लगाम धरून चालवत आणतात, रायडिंग बॉय वर चढतो, आणि अंधारातून आधी फक्त श्वासांचा आवाज ऐकू येतो. ट्रेनर मंडळी स्टॉपवॉच घेऊन कडेला उभी. मला बघितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ‘‘कसा आहे ट्रॅक?’’ आणि दुसरा ‘‘काल पाणी कधी बंद केलंत?’’ दुसऱ्या प्रश्नातच खरी गोम आहे.

या ट्रॅकवर पाणी देणं म्हणजे वाऱ्याशी वाटाघाटी. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, हाजीअलीचा रस्ता ओलांडला की झालं. दुपार झाली की खारा वारा सुटतो आणि तुषार-नळ्यांचं पाणी उडवून एका अंगाला नेतो. माणसाला वाटतं सगळीकडे सारखं शिंपलं, प्रत्यक्षात वळणाचा अर्धा भाग न्हालेला आणि अर्धा तहानलेला. म्हणून पाणी वारा पडल्यावर, रात्री किंवा पहाटे. तरीही ज्या पट्ट्याला कमी पोचलं तिथे टँकरची नळी हाताने धरून भरपाई करावी लागते. आज आतल्या वळणावर तेच केलं, थोडंच, कारण शर्यतीच्या दिवशी जास्त पाणी देणं हे कमी देण्यापेक्षा धोक्याचं. पाणी मागून घालता येतं, काढून घेता येत नाही.

जमिनीचा स्वभावही पाण्याचाच आहे. अठराव्या शतकात वरळीचा बांध घातला गेला नव्हता तोवर भरतीचं पाणी या भागात आत शिरायचं. पुढे शर्यती भायखळ्याला व्हायच्या, त्या १८८३ मध्ये इकडे आल्या. आजही पावसाळ्यात नाले तुंबले तर हा सखल पट्टा आपलं मूळ रूप दाखवतो. मुंबईचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल असण्याचं कारण तेच. पाऊस लागला की शर्यती पुण्याला, आणि इथे आम्ही गवत वाढू देतो, झिजलेल्या जागी नवं लावतो, चर उपसतो. बघायला कुणी नसतं, पण माझ्या मते वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या चार महिन्यांत होतं.

सात. सकाळी फिरायला येणारी मंडळी. महालक्ष्मीची ही जुनी पद्धत, शहरातल्या लोकांना चालायला इथे जागा मिळते. मला ती आवडते. अडचण फक्त कुत्र्यांची आणि मोबाइलवर बोलत रेलखालून आत शिरणाऱ्यांची. एक नेहमीचे काका आहेत, वरळीहून येतात. त्यांचा रोजचा प्रश्न, ‘‘आमची बाग कधी होणार?’’

प्रश्न रास्त आहे. या २११ एकरांपैकी १२० एकर सेंट्रल पार्कसाठी महापालिकेकडे आणि ट्रॅकसह ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने, असं २०२४ मध्ये ठरलं. आधीचा भाडेपट्टा २०१३ मध्येच संपला होता, म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ हे सगळं आवार ‘पुढे काय’ या प्रश्नावर उभं होतं. बागेला माझा विरोध नाही. एवढ्या दाटीच्या शहरात मोकळी जमीन एका खेळापुरती राखायची, हे समर्थन आता कुणाच्या गळी उतरणार नाही, आणि उतरूही नये. माझी काळजी वेगळी आहे. बाग म्हणजे पायवाटा, दिवे, खोदकाम, नवे नळ आणि नवे उतार, आणि यातली प्रत्येक गोष्ट पावसाचं पाणी कुठे जातं ते बदलते. नकाशावर बाग आणि ट्रॅक यांच्यामधून रेघ काढता येते. पाणी ती रेघ मानत नाही. हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘तुम्हाला सगळीकडे पाणीच दिसतं.’’ खरं आहे.

नऊ. आता ‘सोयी’. यात सांगण्यासारखं फार नाही, करण्यासारखं भरपूर आहे. स्वच्छतागृहं, जनरेटरची चाचणी, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, जुन्या प्रेक्षागृहातले पंखे, लिफ्ट, अग्निशामक नळकांडी, पार्किंगचे दोर, टोटच्या, म्हणजे बाजी लावायच्या, खिडक्यांचा वीजपुरवठा. प्रेक्षागृह वारसा यादीत आहे, त्यामुळे तिथे खिळा ठोकायचा तरी विचार करून ठोकावा लागतो. टोटच्या खिडकीवरचा माणूस करावर बोलायला लागला की थांबत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बाजीवर २८ टक्के जीएसटी, आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. ‘‘साहेब, गिऱ्हाईक हिशेब करून येतं आता,’’ तो म्हणतो. त्याच्या खिडकीचा पंखा मात्र मी दुरुस्त करून दिला.

मधल्या मैदानावर मोठे कार्यक्रमही होतात. २०२३ पासून लोलापलूझा हा संगीत महोत्सव इथेच होतो. हजारो तरुण पोरं, ट्रकच्या ट्रक लोखंडी सांगाडे, आणि या सगळ्याला आत जायचं तर ट्रॅक ओलांडूनच. ओलांडायच्या जागी पत्रे आणि जाड चटया अंथरायच्या, त्या ठरल्या वेळी उचलायच्या, कारण झाकलेलं गवत लवकर पिवळं पडतं. संगीत कसं होतं असं मुलगी विचारते. मी चटया मोजत होतो, असं सांगितल्यावर ती कपाळावर हात मारते.

साडेअकरा. स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, आणि पशुवैद्य यांच्याबरोबर फेरी. रेलचे सांधे, स्टार्टिंग स्टॉलची दारं, घोड्यांची रुग्णवाहिका, जॉकींची रुग्णवाहिका. आतली रेल सध्या काही मीटर बाहेर सरकवलेली आहे. प्रत्येक जॉकी जवळच्या वाटेसाठी रेलला चिकटतो, त्यामुळे तीच पट्टी सगळ्यात आधी झिजते. तिला विश्रांती द्यायची तर रेल बाहेर आणायची आणि घोड्यांना ताज्या गवतावर न्यायचं. मग अंतर किंचित वाढतं, आणि वेळांची तुलना करणारे लोक चिडतात. चिडू देत.

घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रमुख आहे, तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन यांच्या खटल्यात दिला. आमचा सगळा धंदा कायद्याने त्या वाक्यावर उभा आहे. मला त्यात नेहमी माझ्या खात्याचं काम दिसतं. आतली पट्टी सैल आणि बाहेरची टणक असेल, तर चिठ्ठीत कुणाला कितवा स्टॉल आला यावरच निकाल झुकतो. मग कौशल्य कुठलं? ते मोजायचं तर पायाखालची जमीन सगळ्यांना सारखी पाहिजे.

एक. डबा. फोन. मानपाड्याचा शेजारी, सोसायटीचा खजिनदार. ‘‘काय रे, तिसऱ्या रेसमध्ये काय?’’ मी म्हटलं, ‘‘जमीन चांगली आहे.’’ तो म्हणाला, ‘‘घोड्याचं नाव सांग.’’ नावं मला खरोखरच पाठ नसतात. मला घोडे नालांवरून आणि वजनावरून आठवतात, आणि खजिनदाराला त्याचा उपयोग नाही.

दोन ते साडेपाच. शर्यती. स्टँडवरून बघणाऱ्याला दिवस म्हणजे छोट्या छोट्या वादळांची मालिका वाटत असेल. बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते, डर्बीचं अंतरसुद्धा अडीच मिनिटांच्या आसपास. मी मात्र शर्यत संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या तासात जगतो. शेवटचा घोडा गेला की रेलच्या कडेला बसलेल्या बायका-पुरुषांची रांग उठते, टोपल्यांत माती-वाळूचं मिश्रण, आणि रांग पसरून ट्रॅकवर चालू लागते. टापेने उपटलेली गवताची ढलपी उलटी पडलेली असते. ती सरळ करून खड्ड्यात बसवायची, पायाने दाबायची, आणि ढलपी हरवली असेल तर मिश्रण भरायचं. सोपं दिसतं. पण मिश्रण जास्त भरलं तर उंचवटा होतो, कमी भरलं तर खड्डा राहतो, आणि पुढच्या शर्यतीत साठच्या वेगाने येणाऱ्या घोड्याला दोन्ही सारखेच वाईट.

रांगेत एक मावशी आहेत, माझ्या आईच्या वयाच्या. शेवटच्या फर्लांगात त्या कुणालाच पुढे जाऊ देत नाहीत. आज तिसऱ्या शर्यतीनंतर त्या एका जागी थांबल्या आणि पायाने ठोकून बघू लागल्या. ‘‘इथं पोकळ लागतंय.’’ नळी धरून भरपाई केलेल्या पट्ट्याचंच हे टोक. वर सगळं हिरवं, डोळ्याला काही दिसत नव्हतं. सळई लावली तर आकडा शेजारच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा. स्टार्टरला निरोप गेला, स्टुअर्ड येऊन बघून गेले, माती भरून धुम्मसाने ठोकली, पुन्हा मोजलं. चौथी शर्यत काही मिनिटं उशिरा सुटली. स्टँडवर कुणीतरी शिट्ट्या मारल्या. शिट्ट्या मारणाऱ्याला कारण कळलं नाही, आणि ते कळवण्याची पद्धतही नाही.

बाकी दुपार बरी गेली. एका घोडीने स्टॉलमध्ये शिरायला नकार दिला, एका जॉकीचा पाय मुरगळला, लिफ्ट बंद पडली आणि आपोआप सुरूही झाली.

सहा. सूर्य हाजीअलीकडे उतरतो आणि माझी दुसरी फेरी सुरू होते. सकाळी मोजलेल्या त्याच जागा, तेच तीन ठोके. दिवसभराच्या उन्हाने आणि टापांनी मध्यभाग टणक झालाय, रेलजवळ माती उघडी पडलीय. उद्यापासूनच्या पाण्याचा तक्ता यावरून ठरतो.

साडेसात. निघायच्या आधी दोन फोन. पहिला ट्रेनर म्हणाला, ‘‘ट्रॅक आज फार टणक होता, माझा घोडा खुरडत आला.’’ दुसरा म्हणाला, ‘‘मऊ होता, माझ्या घोड्याचा मधल्या सरळीतच दम निघाला.’’ दोघांचे घोडे एकाच शर्यतीत पळाले होते, एक रेलला चिकटून आणि एक बाहेरून. मी कुठला आतून पळाला ते विचारलं आणि वहीत लिहिलं. मंगळवारी रेल अजून दोन मीटर बाहेर, आतल्या वळणाला सोमवारी रात्री एक पाणी जास्त, आणि मावशींना शेवटच्या फर्लांगासाठी आणखी दोन माणसं.