सुलवाड्याचं बॅरेज, पॅरिसचं ‘बाराझ’

पावसाळ्यात हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडले की खाली तापीकाठी एकच चौकशी सुरू होते: बॅरेजचे किती उघडले? शिरपूर-शिंदखेडा पट्ट्यात ‘बॅरेज’ म्हणजे सुलवाड्याचं. त्याच्या खाली सारंगखेडा, मग प्रकाशा. अहिराणीतही ‘बॅरेजनं पानी’च. शब्द इतका मुरला आहे की तो मुळात फ्रेंच आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

फ्रेंचमध्ये ‘बार’ म्हणजे आडवा दांडा, ‘बारे’ म्हणजे अडवणं आणि ‘बाराझ’ म्हणजे अडवणूक. त्यामुळे तिकडे नदीवरची कुठलीही भिंत बाराझच. आस्वानचं अवाढव्य धरणही बाराझ आणि ओढ्यावरचा बांधही. पोलिसांनी रस्ता अडवला तर तोही बाराझ. हाडाखेडच्या सीमेवर अचानक नाकाबंदी लागली तर फ्रेंच ट्रकवाला हाच शब्द वापरेल. फुटबॉलमध्ये वरच्या गटात कोण राहणार हे ठरवणारा सामना बाराझचा. राजकारणात ‘बाराझ करणं’ म्हणजे एखाद्याची वाट रोखायला एरवीच्या विरोधकांनी एकत्र येणं. २००२ च्या फ्रेंच अध्यक्षीय निवडणुकीत अतिउजव्या ल पेन यांना रोखायला डाव्यांनीही शिराक यांना मतं दिली आणि ते ८२ टक्के मतांनी निवडून आले, ते याच हाकेवर. (पोलिसांचं ‘बॅरिकेड’ मात्र या घरातलं नाही. ते ‘बारीक’ म्हणजे पिंपावरून आलं. पॅरिसकर माती भरलेली पिंपं रस्त्यात रचायचे.)

पहिल्या महायुद्धात चालून येणाऱ्या सैन्यापुढे तोफगोळ्यांचा पडदा धरायचे, त्यालाही बाराझ म्हणत. इंग्रजीने तो अर्थ उचलून पुढे प्रश्नांच्या भडिमाराला लावला. आपली ‘सरबत्ती’ही बंदुकांच्या फैरींतूनच प्रश्नांकडे वळली.

पाण्याच्या अर्थाने हा शब्द इंग्रजीत रुळला तो नाईल नदीमुळे. कैरोजवळ मूझेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने दरवाजांचा मोठा बांध घातला. तो १८६१ मध्ये उभा राहिला, पण पाण्याचा पुरता भार पेलेना. पुढे त्याची डागडुजी केली ती हिंदुस्थानच्या पाटबंधारे खात्यात मुरलेल्या इंग्रज अभियंत्यांनी. आपल्याकडचं जुनं मोठं उदाहरण सक्करचं, १९३२ मधलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून त्या बॅरेजला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव मिळालं.

या प्रवासात शब्दाचा अर्थ आक्रसला, आणि माझ्या मते ते बरंच झालं. धरणात पाणी अडवते ती मुख्यतः भिंत, बॅरेजमध्ये दरवाजे. पक्कं बांधकाम पात्राच्या तळाशी ठेंगणं, वर नुसती दारं. पूर आला की सगळी वर उचलायची आणि नदीला वाट मोकळी करून द्यायची. ओसरता पाऊस पाहून ती पुन्हा टाकायची. तापीला हे मानवतं, कारण तिच्या दरडी उंच आहेत; पाणी पात्रातच साठतं, काठची काळी जमीन फारशी बुडत नाही.

आणि बाकीच्या प्रकारांना खान्देशात शब्द होतेच. पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे शतकांपासून आहेत, त्यांचे पाट आणि पाटकरी आहेत. शिरपूर तालुक्यात आमदार अमरीशभाई पटेल आणि भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले खोल-रुंद करून साखळीने बांधले ते बंधारेच. त्यांना बॅरेज कुणी म्हणत नाही. तिथे दरवाजे नाहीत, पाणी जिरवायचंच आहे.

धुळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालेली सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजना तर भाषांतरकाराची परीक्षाच आहे. बॅरेजचं पाणी उपसून धरणात टाकायचं, एवढं साधं मराठी वाक्य. फ्रेंचमध्ये मात्र बाराझचं पाणी बाराझमध्ये.