बारा तासांची गोळी

कर्करोगाच्या पुढील अवस्थेत वेदना ही रुग्णाची अहोरात्रीची सोबतीण होऊन बसते. अशा तीव्र वेदनेवर मॉर्फीन हे गुणकारी औषध होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झर्टुर्नर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने ते अफूपासून वेगळे केले. परंतु साध्या गोळीतील मॉर्फीनचा प्रभाव सुमारे ४ तासच टिकतो. रात्री दहा वाजता गोळी घेऊन निजलेला रुग्ण दोनच्या सुमारास पुन्हा कण्हू लागतो, आणि त्याच्याबरोबर सारे घर जागे होते.

मग तीन वेळची मात्रा एकदमच का देऊ नये? कारण रक्तातील मॉर्फीनचे प्रमाण फार वाढले, तर श्वसनाचे नियमन करणारे मेंदूतील केंद्र मंदावते आणि श्वास थांबण्याचे भय निर्माण होते. औषध अधिक हवे, पण ते सावकाश सुटावयास हवे, असा हा पेच होता.

तो सोडविण्याचा एक मार्ग सब्जाच्या बियांवरून ध्यानी येईल. सब्जा पाण्यात भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते. त्याचप्रमाणे सेल्युलोजपासून बनविलेली काही द्रव्ये औषधात मिसळून गोळी घडविली, तर पोटातील पाण्याने तिच्याभोवती दाट थर तयार होतो. त्यातून औषध थोडेथोडे झिरपत बाहेर पडते. काही गोळ्यांत यासाठी मेणासारखे पदार्थही घालतात. १९८० नंतरच्या दशकात १२ तास पुरणाऱ्या मॉर्फीनच्या गोळ्या वापरात आल्या, आणि रुग्णांस रात्रीची सलग झोप मिळणे शक्य झाले.

गोळी आपले काम ठरल्या वेळेत करील, हे कशावरून समजावे? औषधांचे अधिकृत निकष ज्या ग्रंथात दिलेले असतात त्यास भेषजसंहिता म्हणतात. भारतीय भेषजसंहितेची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये निघाली. आज ती सिद्ध करणाऱ्या आयोगाचे कार्यालय व प्रयोगशाळा दिल्लीनजीक गाझियाबाद येथे आहेत. अशा निकषांतील एक म्हणजे विद्रावण चाचणी. काचेच्या पात्रातील द्रव ३७ अंश सेल्सिअस तपमानावर, म्हणजे शरीराइतका उबदार, ठेवून त्यात गोळी सोडतात. पात्रातील पाते ठराविक गतीने फिरत असते. साध्या गोळीतून औषध लवकर सुटले की पुरते. संथ गोळीची कसोटी मात्र दुहेरी असते: आरंभी फार सुटता कामा नये, आणि शेवटी फार उरताही कामा नये. म्हणून ठराविक तासांनी द्रवाचे नमुने काढून तपासतात.

तथापि प्रयोगशाळेने पारखलेली ही रचना घरातील खलबत्त्यात क्षणात मोडते. वृद्धास गोळी गिळवत नाही, म्हणून ती कुटून मधातून चाटविण्याची रीत जुनी आहे. त्यामागे मायाच असते. पण संथ गोळी कुटली वा चावली, की बारा तासांचे औषध अल्पावधीत रक्तात उतरते आणि प्राणावर बेतू शकते. मद्यानेही काही रचना ढासळतात. याच कारणाने हायड्रोमॉर्फोन या औषधाच्या एका संथ कॅप्सूलची विक्री २००५ मध्ये अमेरिकेत थांबविण्यात आली.

गिळणे कठीण झाल्यास डॉक्टरांकडून पातळ औषध मागून घ्यावे. मधेच उसळणाऱ्या वेदनेसाठीही ते लवकर गुण देणारे निराळे औषध देतात. संथ गोळी मात्र अखंडच गिळावयाची असते. तिचा गुण जितका औषधात, तितकाच तिच्या घडणीत आहे.