बहुमत मोजायचं कुठे?
मलेशियातला पाच वर्षांचा राजा आणि रयतेचं सभागृह

३ मार्च २००९. मलेशियातल्या पेराक राज्याची राजधानी इपोह. विधानसभेच्या इमारतीकडे जाणारी वाट पोलिसांनी अडवलेली होती. सभापती व्ही. शिवकुमार यांनी बैठक बोलावली होती, पण सभागृहात पाऊल टाकता येत नव्हतं. तेव्हा ते आणि त्यांच्या बाजूचे आमदार जवळच्याच एका मोठ्या झाडाखाली गेले. मुंबईच्या जुन्या रस्त्यांवर सावली धरणारा पर्जन्यवृक्ष असतो, त्याच जातीचं ते झाड. त्याच्या सावलीत बैठक झाली आणि मुख्यमंत्री निझार जमालुद्दीन यांच्यावर विश्वास व्यक्त करणारा ठराव संमत झाला. लोक त्या झाडाला ‘लोकशाहीचं झाड’ म्हणू लागले.

आमदारांवर झाडाखाली बसायची वेळ आली, कारण महिनाभर आधी पेराकच्या सुलतानांनी निझार यांचं बहुमत गेल्याचं राजवाड्यातच ठरवलं होतं आणि दुसऱ्या मुख्यमंत्र्याला शपथ दिली होती. सभागृहात मतदान झालंच नव्हतं. राजा आहे, राज्यघटना आहे, संघराज्य आहे आणि निवडून आलेली सभागृहंही आहेत. अशा देशात बहुमत मोजायची जागा कोणती? मलेशियाचा गेल्या साठ वर्षांचा घटनात्मक इतिहास पुन्हा पुन्हा या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

ओळखीचे शब्द

मलेशियाच्या संसदेची ओळख करून घेताना मराठी माणसाला परकं वाटत नाही. कनिष्ठ सभागृहाचं नाव ‘देवान राक्यात’. देवान म्हणजे आपलं दिवाण, राक्यात म्हणजे रयत. वरिष्ठ सभागृह ‘देवान नगारा’, त्यातला नगारा म्हणजे नगर. मलय भाषेत त्याचा अर्थ झाला देश. पंतप्रधान ‘पेर्दाना मंतेरी’, म्हणजे सरळ प्रधान मंत्री. सिंहासनाला ‘सिंगासाना’ म्हणतात. राजाच्या बिरुदात ‘सेरी पादुका’ येतं आणि राजद्रोहाला ‘देर्हाका’ हा शब्द आहे. संस्कृत, फारसी आणि अरबी शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांतून मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत गेले आणि तिथल्या राज्यकारभारात मुरले. रयतेचा दिवाणखाना आणि पादुकांचा मान, ही दोन्ही टोकं त्या राज्यघटनेत एकत्र नांदतात.

नऊ गाद्या, एक मुकुट

१९४६ मध्ये इंग्रजांनी मलय संस्थानांचे अधिकार काढून घेऊन ‘मलायन युनियन’ उभं केलं. मलय समाजातून त्याला इतका कडवा विरोध झाला की दोनच वर्षांत ते मोडावं लागलं. १ फेब्रुवारी १९४८ रोजी संघराज्य आलं आणि सुलतानांची गादी राहिली. याच सुमारास आपल्याकडची संस्थानं एकेक करून विलीन होत होती. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात गेलं. मलयांनी वेगळी वाट धरली. संस्थानं विरघळवायची नाहीत, त्यांनाच संघराज्याची राज्यं करायची.

स्वतंत्र देशाची घटना तयार करायला १९५६ मध्ये लॉर्ड रीड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यात ब्रिटनचे सर आयव्हर जेनिंग्ज होते आणि ऑस्ट्रेलियाचे माजी गव्हर्नर जनरल सर विल्यम मॅकेल होते. पाकिस्तानचे न्यायमूर्ती अब्दुल हमीद आणि भारतातून अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक होते. आपल्या घटनेचा ठसा त्यांच्या कामावर उमटलेला दिसतो. संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशी अधिकारांची वाटणी तिथेही आहे, मूलभूत हक्कांचा भाग आहे आणि आणीबाणीचं कलमही आहे. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला. १६ सप्टेंबर १९६३ रोजी सिंगापूर, साबाह आणि सारावाक सामील होऊन मलेशिया झाला. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ रोजी वेगळं झालं.

आज १३ राज्यं आणि ३ संघीय प्रदेश आहेत. नऊ राज्यांत वंशपरंपरागत राजे आहेत: सात सुलतान, पर्लिसचा राजा आणि नगरी सेंबिलानचा ‘यांग दि-पेर्तुआन बसार’. या शेवटच्याची निवड चार प्रादेशिक सरदार करतात. पेनांग, मलाक्का, साबाह आणि सारावाक या चार राज्यांत राजघराणं नाही. तिथे राष्ट्रप्रमुख राज्यपाल नेमतो.

आणि राष्ट्रप्रमुख? तो या नऊ राजांपैकीच एक, फक्त पाच वर्षांसाठी. त्याला ‘यांग दि-पेर्तुआन आगोंग’ म्हणतात, सर्वांत वरचा धनी. नऊ राजे एकत्र बसतात आणि ज्या घराण्याची पाळी असेल त्याच्या राजाबद्दल गुप्त मतदान करतात. किमान पाच मतं मिळाली पाहिजेत. मतपत्रिकांवर क्रमांक नसतो आणि मोजणी झाल्यावर त्या नष्ट केल्या जातात. राज्यपाल या मतदानात बसत नाहीत. निवडून आलेला राजा आपल्या राज्याचा कारभार प्रतिनिधीकडे सोपवून क्वालालंपूरला येतो आणि पाच वर्षांनी परत जातो. केदाहचे सुलतान अब्दुल हलीम दोनदा आगोंग झाले, १९७० मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी. ३१ जानेवारी २०२४ पासून जोहोरचे सुलतान इब्राहिम या पदावर आहेत.

राजाच्या हातात काय

फार थोडं. घटनेप्रमाणे आगोंग मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतो. संसदेनं मंजूर केलेल्या विधेयकावर त्याने ३० दिवसांत सही केली नाही, तरी तो कायदा होतो. १९८३ मध्ये महाथीर मोहम्मद यांच्या सरकारशी झालेल्या मोठ्या संघर्षानंतर राजाच्या संमतीला मुदत बांधली गेली आणि १९९४ च्या दुरुस्तीनं आजचा नियम आला. राजांना कायद्यापासून मिळणारं संरक्षणही १९९३ मध्ये काढलं गेलं. आदल्या वर्षी एका हॉकी प्रशिक्षकाला मारहाण झाल्याच्या तक्रारीवरून देशभर संताप उसळला होता. आता राजावर खटला भरायचा, तर तो देशाच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या खास न्यायालयात चालतो.

राजाच्या विवेकावर मुख्यतः दोन गोष्टी उरतात: पंतप्रधान कोणाला नेमायचं आणि संसद विसर्जित करण्याची विनंती नाकारायची की नाही. देवान राक्यातमध्ये २२२ जागा आहेत. ११२ चा आकडा गाठला की सरकार होतं. वरिष्ठ सभागृहात ७० सदस्य असतात. त्यातले २६ राज्यांच्या विधानसभा पाठवतात, उरलेले ४४ नेमलेले असतात. हे सभागृह सर्वसाधारण विधेयक वर्षभर लांबवू शकतं, पाडू शकत नाही. सरकार रयतेच्या दिवाणात बनतं आणि तिथेच कोसळायला हवं. घटनेत म्हटलंय की ज्याच्या पाठीशी बहुमत असण्याचा संभव आहे असं राजाला वाटतं, त्याला तो पंतप्रधान नेमतो. ‘राजाला वाटतं’ या दोन शब्दांत सगळा वाद दडलेला आहे. वाटायला आधार कशाचा घ्यायचा? सभागृहातल्या मतांचा, की राजवाड्यात पोचलेल्या सह्यांचा?

सारावाक १९६६

हा प्रश्न पहिल्यांदा बोर्निओ बेटावर पेटला. सारावाक सामील झालं तेव्हा त्याने बऱ्याच गोष्टी आपल्याकडे राखून ठेवल्या. आजही क्वालालंपूरचा नागरिक सारावाकला गेला की त्याला प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो आणि साध्या भेटीसाठी ९० दिवसांची मर्यादा असते. राज्याचे पहिले मुख्यमंत्री स्टीफन कालोंग निंगकान हे याच स्वायत्ततेचे कडवे पुरस्कर्ते. जून १९६६ मध्ये ४२ जणांच्या विधिमंडळातल्या २१ सदस्यांनी त्यांच्यावर विश्वास नसल्याचं पत्र दिलं आणि राज्यपालांनी त्यांना पदावरून दूर केलं.

निंगकान कोर्टात गेले. सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयानं निकाल दिला की विश्वास गेला की नाही हे सभागृहातल्या मतदानावरूनच ठरतं. पत्रावरच्या सह्या पुरत नाहीत. माणूस सही एक करतो आणि सभागृहात, सगळ्यांसमोर, मत दुसरं देऊ शकतो. नायजेरियातल्या अशाच प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९६३ मध्ये सह्यांचं पत्र ग्राह्य धरलं होतं. सारावाकच्या न्यायालयानं तो मार्ग घेतला नाही. निंगकान परत खुर्चीवर बसले, पण आठवडाभरातच केंद्रानं सारावाकमध्ये आणीबाणी जाहीर केली आणि कायदा बदलून विधिमंडळ बोलावलं. तिथे अविश्वास ठराव झाला आणि निंगकान गेले. सत्ता गेली, पण तत्त्व कागदावर राहिलं.

याच तत्त्वाला आपल्याकडे ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी बोम्मई प्रकरणात पक्कं केलं. म्हणजे बहुमत सभागृहात मोजायचं ही गोष्ट सारावाकच्या न्यायालयानं आपल्या २८ वर्षं आधी सांगितली होती.

पेराक २००९

४३ वर्षांनी तोच प्रश्न इपोहला आला. पेराकच्या ५९ जागांच्या विधानसभेत निझार यांच्या आघाडीकडे ३१ होत्या. तीन आमदार बाहेर पडले आणि पारडं फिरलं. पक्ष बदलणाऱ्याला मलय भाषेत ‘काताक’, म्हणजे बेडूक, म्हणतात. निझार यांनी सुलतानांकडे विधानसभा विसर्जित करण्याची विनंती केली, म्हणजे निकाल लोकांनीच द्यावा. सुलतान अझलन शाह यांनी ती नाकारली, आमदारांना राजवाड्यात बोलावून त्यांची मतं जाणून घेतली आणि झंब्री अब्दुल कादिर यांना शपथ दिली. अझलन शाह साधे राजे नव्हते. ते देशाचे सर्वोच्च न्यायाधीश होते आणि आगोंगही होऊन गेले होते. कायदा त्यांना इतरांपेक्षा जास्त माहीत होता. मे महिन्यात विधानसभेची बैठक झाली तेव्हा सभापती शिवकुमार यांना बळाने सभागृहाबाहेर नेण्यात आलं. फेब्रुवारी २०१० मध्ये मलेशियाच्या संघीय न्यायालयानं ठरवलं की बहुमत सभागृहाबाहेरूनही जोखता येतं. सारावाकचं तत्त्व मागे पडलं.

न्यायालयाचा तो निकाल चुकीचा होता, असं मला ठामपणे वाटतं. राजवाड्यातल्या भेटीत आमदार काय बोलला हे रयतेला कळत नाही. सभागृहात हात वर केला की त्याची नोंद होते आणि पुढच्या निवडणुकीत त्याला तिचं उत्तर द्यावं लागतं.

२०२० ते २०२२

त्या निकालाची किंमत देशाला दहा वर्षांनी मोजावी लागली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पुन्हा पंतप्रधानपदावर असलेल्या महाथीर यांनी राजीनामा दिला. आगोंग, पाहांगचे सुलतान अब्दुल्ला, यांनी खासदारांना एकेक करून राजवाड्यात बोलावलं, प्रत्येकाचं मत विचारलं आणि १ मार्चला मुहीद्दीन यासिन यांना शपथ दिली. विश्वासदर्शक मतदान झालंच नाही. मेमध्ये संसद एकाच दिवसासाठी भरली आणि राजाच्या भाषणावर उठली. ऑक्टोबरमध्ये मुहीद्दीन यांनी आणीबाणी मागितली. आगोंगनी इतर राजांशी बोलून नकार दिला. जानेवारी २०२१ मध्ये साथीचं कारण पुढे आलं, आणीबाणी लागली आणि संसद बंद झाली.

जूनमध्ये राजांनीच सांगितलं की संसद लवकर भरायला हवी. जुलैमध्ये ती भरली, तेव्हा कायदामंत्र्यांनी जाहीर केलं की आणीबाणीचे अध्यादेश मागे घेतले आहेत. राजवाड्यानं उघड पत्रक काढून त्याला राजाची संमती नव्हती, असं स्पष्ट केलं. १६ ऑगस्टला मुहीद्दीन यांनी राजीनामा दिला. राजा इथे संसदेच्या बाजूनं उभा राहिला हे खरं. पण संसदेनं आपलं काम वेळेवर केलं असतं, तर राजाला बोलायची वेळच आली नसती.

हा धडा संसदेनं घेतला. २८ जुलै २०२२ रोजी देवान राक्यातनं २०९ मतांनी घटनादुरुस्ती मंजूर केली: पक्ष सोडणाऱ्या खासदाराची जागा रिकामी होईल. आपल्या १९८५ च्या दहाव्या अनुसूचीशी तिचं नातं आहे. नोव्हेंबरच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. अन्वर इब्राहिम यांच्या आघाडीकडे ८२ जागा होत्या. आगोंगनी नेत्यांना एकत्र सरकार बनवायला सांगितलं, राजांची खास बैठक घेतली आणि २४ नोव्हेंबरला अन्वर यांना शपथ दिली.

पुढची पायरी निर्णायक ठरली. १९ डिसेंबर २०२२ रोजी अन्वर यांच्यावरचा विश्वासदर्शक ठराव देवान राक्यातसमोर मांडला गेला आणि आवाजी मतानं मंजूर झाला.

मलेशियाचा अनुभव सांगतो की राजा असला म्हणून लोकशाही बुडत नाही, आणि राजा चांगला असला म्हणून ती तरतही नाही. गादी पाच वर्षांची असो, वंशपरंपरेची असो किंवा राज्यपालाची नेमणूक असो, बहुमताची मोजणी तिच्यासमोर नव्हे, रयतेच्या दिवाणात व्हायला हवी. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राच्या विधानसभेत दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं, तेव्हा आपणही हेच ऐकलं होतं. आपल्या आमदारानं कुणाला पाठिंबा दिला हे कळलं की वाचक म्हणून, मतदार म्हणून आपण एकच विचारावं: तो पाठिंबा त्याने सभागृहात, सगळ्यांसमोर दिला का?