सौरवात आणि कुलाब्याची नोंद

शास्त्रीय परिभाषेतील रूपक विचाराला वाट दाखविते, तसेच कधी आडवाटेसही नेते. ‘सौरवात’ ही संज्ञा याचे उदाहरण होय. सूर्याच्या प्रभामंडळातून सर्व दिशांना अखंड प्रवाह वाहत असला पाहिजे, हा सिद्धान्त यूजीन पार्कर यांनी १९५८ साली मांडला. १९६२ साली मरिनर-२ यानाने त्यास निर्णायक पुष्टी दिली.

तथापि वाऱ्याशी त्याचे साम्य मर्यादित आहे. पृथ्वीनजीक या प्रवाहाच्या एका घन सेंटिमीटरात सरासरी पाचच्या आसपास प्रोटॉन असतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो आणि ते परस्परांवर क्वचितच आदळतात. म्हणून मराठी परिभाषेतील ‘आयनद्रायू’ ही संज्ञा येथे अधिक अर्थवाहक ठरते. द्रव व वायू या दोहोंना सामावून घेणारा तो ‘द्रायू’. त्याचे आयनीभूत रूप म्हणजे आयनद्रायू, अर्थात प्लाझ्मा. त्याची विद्युत्संवाहकता इतकी मोठी असते की, सूर्याचे चुंबकीय क्षेत्र त्यात जणू गोठून त्याच्यासवे वाहत येते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील नोंदीवरून स्पष्ट होते. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांना इंग्लंडमध्ये सूर्यावर तेजाचा उद्रेक दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. म्हणजे प्रवाहाचा सरासरी वेग सेकंदाला २,३०० किलोमीटरांहून अधिक होता. कुलाब्यास पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षैतिज घटक आरंभी काहीसा वाढला आणि नंतर सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटला.

यातील वाढ ‘वात’ या कल्पनेने समजते. प्रवाहाच्या दाबाने पृथ्वीचे चुंबकीय कवच आकुंचन पावते व क्षैतिज घटक वाढतो. घट मात्र दाबाने समजत नाही. प्रवाहातील क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते, ऊर्जा आत शिरते आणि पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह प्रबळ होऊन क्षैतिज घटक कमी करतो. १८५९ ची सर्व घट या वलयाची की तीत आयनांबरातील प्रवाहांचाही वाटा होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मापनात व्यत्यय येणार म्हणून १९०४ साली हे कार्य अलिबागेस नेण्यात आले. आता पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवर भारताचे आदित्य-एल१ यान प्रवाहाबरोबर त्यातील क्षेत्राची दिशाही मोजते. नेहमीच्या प्रवाहास तेथून पृथ्वीवर येण्यास तासाभराचा अवधी लागतो. १८५९ च्या वेगाने तो जेमतेम अकरा मिनिटांचा ठरेल. वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांस तेवढ्यात निर्णय घ्यावा लागेल, आणि त्यासाठी वेगाइतकीच क्षेत्राची दिशाही ठाऊक असावी लागेल.